ग्रंथालयात शोध कसा घ्यायचा हे ऑनलाइन शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करते. गेली काही वर्षं विद्यार्थ्यांसाठी छोटी ऑनलाइन ट्युटोरियल बनवते आहे. शहरातले आणि जिल्ह्यातले सहकारी ग्रंथपाल, कधी एखादे प्राध्यापक, फोनवर जे विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं अनुभवातून आलेली आहेत, त्यामुळे काही लांब आहेत आणि काही दोन ओळींची.

दरवर्षी ओरिएंटेशन घेतोच. मग ट्युटोरियल कशासाठी?

कारण ओरिएंटेशनच्या दिवशी मुलांना काहीच शोधायचं नसतं. प्रवेशाची धावपळ, हॉस्टेलची खोली, मेसचा डबा, नवीन मित्र यांतच ती असतात. आपण वर्गांक (पुस्तकाची रॅकवरची जागा सांगणारा क्रमांक) म्हणजे काय ते सांगतो, ती मान डोलावतात. खरी शोधायची वेळ येते ती सबमिशन चार दिवसांवर आलं की. तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि देवघेव काउंटरला कुलूप असतं. ट्युटोरियल त्या रात्रीसाठी आहे.

ओरिएंटेशन बंद करू नका. मुलांना आपला चेहरा ओळखीचा होणं फार मोलाचं असतं. पण त्या तासात शोध शिकवून होईल ही अपेक्षा सोडून द्या. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या पातळीवरच फील्ड प्रोजेक्ट आणि संशोधन प्रकल्प आले आहेत. पूर्वी एम.ए., एम.फिल.ला जो प्रश्न पडायचा तो आता एकोणीस वर्षांच्या मुलाला पडतो.

सुरुवात कुठून करायची? आधी स्क्रिप्ट लिहू का?

नाही. आधी मुलांच्या शेजारी जाऊन बसा.

माझं पहिलं ट्युटोरियल बावीस मिनिटांचं होतं. प्रवेशद्वारापासून सुरुवात, मग संदर्भ विभाग, नियतकालिकं, अभ्यासिका, पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या ड्यूई पद्धतीचे दहा वर्ग, सगळं नीट क्रमाने. मनापासून केलं होतं. नंतर पाहणाऱ्यांचा आलेख उघडला, तर दुसऱ्या मिनिटानंतर जवळजवळ कोणी उरलं नव्हतं. मी मला काय माहीत आहे ते दाखवलं होतं. मुलं कुठे अडतात हे मला ठाऊकच नव्हतं.

मग मी टीवायच्या काही विद्यार्थ्यांना एकेक करून बोलावलं. त्यांच्या स्वतःच्या प्रोजेक्टसाठी ओपॅकवर (ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेवर) दोन पुस्तकं शोधायला सांगितली आणि शेजारी गप्प बसले. (गप्प बसणं हाच यातला सगळ्यात अवघड भाग. हात आपोआप माउसकडे जातो.) एका मुलीने शोधचौकटीत टाइप केलं : ‘पानशेत धरण फुटल्यामुळे पुणे शहरावर झालेले सामाजिक व आर्थिक परिणाम : एक अभ्यास’. अख्खं शीर्षक. उत्तर आलं शून्य. तिने पुन्हा तेच टाइप केलं, या वेळी शुद्धलेखन तपासून. पुन्हा शून्य. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मॅडम, आपल्या लायब्ररीत यावर काहीच नाहीये.” तिच्या पाठीमागच्याच रॅकमध्ये तिच्या उपयोगाची चार पुस्तकं होती.

बी.एस्सी.च्या एका मुलाला मी सहज म्हटलं, “जर्नलमध्ये बघितलंस का?” तो म्हणाला, “जर्नल तर सरांकडे सबमिट केलंय.” त्याच्यासाठी जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही. बरोबरच आहे, शाळा सोडल्यापासून त्याने तो शब्द त्याच अर्थाने ऐकला आहे. मी इतकी वर्षं ओरिएंटेशनमध्ये ‘जर्नल वाचा’ सांगत होते, तेव्हा समोरची मुलं काय समजत असतील, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा मनात आला. आता आमच्या प्रत्येक ट्युटोरियलमध्ये ‘संशोधन नियतकालिक’ असं म्हणतो आणि ‘याला इंग्रजीत जर्नल म्हणतात, ही प्रॅक्टिकलची वही नव्हे’ हे एकदा स्पष्ट सांगतो.

पाच-सहा विद्यार्थी पुरतात. बोट कुठे थांबतं, कुठे मागे जातात, कुठे हार मानतात, एवढं कागदावर लिहा. ती यादी हीच तुमची ट्युटोरियलची अनुक्रमणिका.

एका ट्युटोरियलमध्ये किती घ्यायचं? लांबी किती असावी?

एक अडचण, एक ट्युटोरियल. ‘पूर्ण शीर्षक टाकलं, शून्य आलं, आता काय?’ हे एक. ‘पुस्तक सापडलं, पण रॅकवर कुठे?’ हे दुसरं. ‘लेख सापडला, पण पैसे मागतोय’ हे तिसरं. नावंही अशीच द्या. ‘प्रगत शोधतंत्रे : भाग 2’ या नावावर रात्री अकरा वाजता कोणी बोट ठेवत नाही.

लांबी तीन ते पाच मिनिटं. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या 69 लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला होता. व्हिडिओ कितीही मोठा असला तरी पाहणाऱ्यांचा टिकाव साधारण सहा मिनिटांच्या पुढे जात नाही, असं त्यात दिसलं. आणि ती मुलं स्वतःहून कोर्सला आलेली होती. आपला विद्यार्थी तर अडला म्हणून आला आहे, त्याला अर्ध्या मिनिटात उत्तराची चाहूल लागली पाहिजे. सुरुवातीचं बोधचिन्ह, संगीत, संस्थेचा इतिहास, प्राचार्यांचा संदेश, सगळं काढून टाका. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचं चौथं सूत्र 1931 सालचं आहे, ते व्हिडिओलाही तितकंच लागू आहे.

ओपॅकवर मराठी पुस्तकं सापडत नाहीत अशी तक्रार असते. ट्युटोरियलमध्ये हे कसं दाखवायचं?

हा विषय मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे, कारण परदेशी विद्यापीठांच्या तयार ट्युटोरियलमध्ये याचं उत्तर मिळत नाही. ते आपल्यालाच बनवावं लागतं.

इतिहासाचा विद्यार्थी राजवाड्यांचे खंड शोधतो आणि टाइप करतो ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’. मुखपृष्ठावर छापलेलं असतं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार गेले, पण त्याआधी छापलेल्या पुस्तकांवर ते आहेत. तालिकाकाराने मुखपृष्ठाबरहुकूम नोंद केली असेल, तर एका टिंबापायी पुस्तक असूनही दिसत नाही. म्हणून मुलांना पहिली सवय लावायची : शब्द अर्धवट टाका. नुसतं ‘राजवाडे’ आणि ‘इतिहास’ टाका, जमल्यास शेवटी तारांकन (*) द्या. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘पुणें’ अशी जुनी रूपं एकदा पडद्यावर दाखवा. ती पाहून मुलांना खरोखर नवल वाटतं.

याशिवाय ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ आहेतच. ‘ऱ्या’ हे अक्षर संगणकात एकापेक्षा जास्त प्रकारांनी साठवता येतं. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, यंत्राला नाही. आणि युनिकोड रुळण्याआधी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोंदी कुठे कुठे अजून रोमन अक्षरांच्या रांगोळीसारख्या पडून आहेत. काही ग्रंथालयांत मराठी पुस्तकांची नोंदच रोमन लिपीत आहे, मग ‘फुले’ शोधताना स्पेलिंग ‘पी-एच’ने की ‘एफ’ने हा आणखी एक प्रश्न.

इथे आपण प्रामाणिक असलं पाहिजे. यातला निम्मा दोष विद्यार्थ्याचा नाही, आपल्या तालिकेचा आहे. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर देवनागरीसाठी आयसीयू अनुक्रमण (वेगवेगळ्या लिप्यांतले शब्द नीट शोधता यावेत यासाठीची सोय) चालू आहे का ते आधी तपासून घ्या. कोहा मोफत आणि मुक्त आहे, ही जुळवणी करायला पैसे लागत नाहीत, थोडा वेळ लागतो. नोंदी सुधारण्याचं काम आणि ट्युटोरियलचं काम हातात हात घालून चाललं पाहिजे. नाहीतर आपण मुलांना आपल्याच खड्ड्यांतून वाट काढायला शिकवत बसू.

कीवर्ड शिकवायची सोपी पद्धत कोणती?

खरा विषय घ्या आणि तो समोर सोडवा. आम्ही त्या मुलीचाच पानशेतचा विषय घेतला, तिची परवानगी घेऊन.

पहिलं काम : वाक्यातले बिनकामाचे शब्द खोडा. ‘परिणाम’, ‘एक अभ्यास’, ‘झालेले’ गेले. उरलं पानशेत, धरण, पुणे, सामाजिक, आर्थिक. दुसरं : प्रत्येकाचे सोबती शोधा. धरण फुटलं 12 जुलै 1961 ला, म्हणजे ‘1961’ हाही कीवर्ड. त्याच दिवशी खडकवासल्याचं धरणही गेलं, म्हणून ‘खडकवासला’. ‘पूर’, ‘मुठा’, ‘पुनर्वसन’. इंग्रजीत शोधायचं तर ‘फ्लड’, ‘डॅम फेल्युअर’. आणि जुन्या इंग्रजी कागदपत्रांत शहराचं नाव ‘पूना’ आहे, आजच्या स्पेलिंगने शोधलं तर त्या काळचं काहीच हाती लागत नाही. हे सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला होता. तिसरं : ‘अँड’ लावलं की निकाल कमी होतात, ‘ऑर’ लावलं की वाढतात. जॉर्ज बूलचं तर्कशास्त्र सांगत बसू नका. पडद्यावर निकालांचा आकडा खाली-वर होताना दिसला की मुलांना कळतं.

त्याच विषयातून प्राथमिक आणि दुय्यम साधनांचा फरकही सुटतो. 1961 च्या जुलैमधलं वर्तमानपत्र हे एक, चौकशी आयोगाचा अहवाल हे दुसरं, पन्नास वर्षांनी कोणी लिहिलेला आठवणींचा लेख हे तिसरं. तिन्ही कामाची, पण तिन्हींकडे विचारायचे प्रश्न वेगळे.

निवेदन मराठीत की इंग्रजीत?

मराठीत. पडद्यावरची बटणं आहेत तशी इंग्रजीतच म्हणा. ‘ॲडव्हान्स्ड सर्चवर क्लिक करा’ असं म्हटलं की मूल पडद्यावर तेच शोधतं. ‘प्रगत शोध’ म्हटलं तर ते बटण त्याला दिसत नाही. बीड, लातूर, धाराशिवहून आलेली कितीतरी मुलं वर्गात इंग्रजीच्या धास्तीने प्रश्न विचारत नाहीत. घरच्या भाषेत कोणी शांतपणे सांगतंय हे ऐकून ती मोकळी होतात. इंग्रजी माध्यमाची मुलं आणि परराज्यातले विद्यार्थी असतील तर इंग्रजी अक्षरपट्टी (सबटायटल्स) जोडा.

इतर विद्यापीठांची तयार ट्युटोरियल दाखवली तर?

कल्पनेसाठी जरूर पाहा. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या ग्रंथालयाने 1998 मध्ये टिल्ट नावाचं ट्युटोरियल बनवलं आणि पुढे ते इतरांना वापरायला, बदलायला खुलं केलं. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेने 2016 मध्ये स्वीकारलेली माहिती-साक्षरतेची चौकटही वाचण्यासारखी आहे, विशेषतः त्यातला ‘विद्वत्ता हा एक संवाद आहे’ हा विचार. पण त्यांचा पडदा आपला पडदा नव्हे. आपल्या मुलाला आपलंच ओपॅक, आपलाच रॅक दिसला पाहिजे.

एन-लिस्ट, शोधगंगा, वन नेशन वन सबस्क्रिप्शन : काय दाखवायचं?

आधी तुमच्या महाविद्यालयाला कशाचा प्रवेश आहे ते तपासा आणि तेवढंच दाखवा. मुलाने लॉगिन करून पाहिलं आणि दार बंद निघालं, तर तो परत येत नाही.

एन-लिस्ट ही इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राची महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणारी योजना. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र लॉगिन देता येतं, म्हणजे घरूनही वापरता येतं. अडचण एकच असते, लॉगिनचा मेल आलेला असतो आणि मुलांनी मेल उघडलेलाच नसतो. त्यावरच एक दोन मिनिटांचं ट्युटोरियल करा. आमच्याकडे ते सगळ्यात जास्त पाहिलं जातं. वन नेशन वन सबस्क्रिप्शन 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालं, त्यात तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं आहेत, पण पहिल्या टप्प्यात ते सरकारी संस्थांसाठी आहे.

शोधगंगा हा भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह सगळ्यांना खुला आहे, प्रबंध पूर्ण वाचता येतात. मुलांना प्रबंधाची संदर्भसूची आधी उघडायला शिकवा. कोणीतरी चार-पाच वर्षं घालवून केलेली यादी तयार मिळते. फक्त हे बजावा की प्रबंध वाट दाखवायला आहे, परिच्छेद उचलायला नाही.

संकेतस्थळ किंवा लेख भरवशाचा आहे हे कसं शिकवायचं?

पूर्वी आम्ही लांबलचक तपासयादी द्यायचो : लेखक कोण, तारीख काय, उद्देश काय. मुलं खुणा करायची आणि ‘आमच्याविषयी’ या पानावर लिहिलेलं सगळं खरं मानायची. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाहिलं की व्यावसायिक तथ्य-तपासनीस त्या संकेतस्थळावर फार वेळ थांबतच नाहीत. ते दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन इतर लोक त्याबद्दल काय म्हणतात ते पाहतात. आम्ही आता हेच दाखवतो. दुसरा टॅब उघडा, नाव टाका, बाकीचे काय म्हणतात बघा. अडीच मिनिटांचं काम आहे.

बनावट नियतकालिकांचा विषय पदव्युत्तर मुलांसाठी वेगळा घ्या. यूजीसीची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आपल्या पुणे विद्यापीठातूनच चालायची, 2025 मध्ये ती बंद झाली. आता ‘यादीत आहे का?’ या प्रश्नाने सुटका होत नाही. संपादक मंडळ, परीक्षण किती दिवसांत होतं, पैसे कधी आणि कशाचे मागतात, हे स्वतः पाहावं लागतं.

मुलं सरळ एआयला विचारतात. मग या सगळ्याचा उपयोग काय?

उपयोग वाढलाच आहे. एक मुलगा पाच संदर्भ घेऊन काउंटरवर आला. लेखकांची नावं ओळखीची, नियतकालिक खरं, खंड आणि अंक व्यवस्थित. पाचातले तीन लेख अस्तित्वातच नव्हते. तो दोन दिवस शोधत होता आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून रडवेला झाला होता. मला त्याचं फार वाईट वाटलं.

आम्ही त्यावर लगेच ट्युटोरियल केलं : डीओआय क्रमांक (प्रत्येक लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) डीओआयच्या संकेतस्थळावर टाका, उघडला नाही तर लेखाचं शीर्षक अवतरणचिन्हांत शोधा, मग नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका पाहा. वापरू नका असं मी सांगत नाही. कीवर्डचे सोबती सुचवून घ्यायला ते चांगलं आहे. संदर्भ मात्र स्वतः उघडून, पान पाहूनच द्यायचा.

वाङ्मयचौर्याबद्दल किती सांगायचं?

यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, एवढं मुलांच्या कानावर असतं आणि ‘दहा टक्के उचललं तर चालतं’ असा त्याचा अर्थ ती लावतात. हा गैरसमज पहिल्याच वाक्यात खोडा. मग एक परिच्छेद घ्या आणि तो तीन प्रकारे लिहून दाखवा : जसाच्या तसा उचललेला, शब्द बदलून उचललेला, आणि समजून स्वतःच्या भाषेत मांडून संदर्भ दिलेला. भाषणापेक्षा हे तीन परिच्छेद जास्त काम करतात.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

ओबीएस मोफत आहे, पडदा आणि आवाज दोन्ही नोंदवतं. मध्ये प्रश्न घालायचे तर एचफाइव्हपी, ते मूडल या ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरमध्येही बसतं. खर्च करायचाच असेल तर मायक्रोफोनवर करा. आमचं रेकॉर्डिंगचं काम सकाळी साडेसातला होतं, रस्त्यावरचे हॉर्न सुरू व्हायच्या आत.

मोबाइलवर नीट दिसेल का?

तपासल्याशिवाय सोडू नका. बहुतेक मुलं मोबाइलवरच पाहतात, हातात धरून, बसमध्ये. पूर्ण पडद्याऐवजी हव्या त्या भागावर मोठं करून दाखवा. प्रत्येक ट्युटोरियलसोबत पायऱ्यांचं एक साधं लिखित पान ठेवा. डेटा संपला असेल त्यालाही ते उघडतं, आणि ज्याला फक्त चौथी पायरी पाहायची आहे त्याला व्हिडिओ मागे-पुढे करावा लागत नाही.

दृष्टिहीन आणि कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी?

‘इथे क्लिक करा’ म्हणू नका, बटणाचं नाव घ्या. जे पडद्यावर घडतं ते तोंडाने बोला. अक्षरपट्टी स्वतः तपासून जोडा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उठावाचं (कॉन्ट्रास्टचं) प्रमाण किमान 4.5 ला 1 ठेवा. हे सगळं सुरुवातीपासून केलं तर वेगळा वेळ लागत नाही, नंतर करायला गेलं की महिना जातो.

प्राध्यापक लक्ष देत नाहीत. काय करावं?

त्यांच्याकडे ‘माहिती-साक्षरता’ हा शब्द घेऊन जाऊ नका, त्यांच्याच मुलांच्या प्रोजेक्टची संदर्भसूची घेऊन जा. आठपैकी सहा नोंदी ब्लॉगच्या आणि गाइडच्या आहेत हे दाखवलं की बोलणं सुरू होतं. मग एकच विनंती करा : असाइनमेंटच्या कागदावर ट्युटोरियलची लिंक छापा. आमच्या वाणिज्य विभागातल्या एका मॅडमनी तेवढंच केलं आणि त्या आठवड्यात काउंटरवर येणारे प्रश्न बदलले. ‘काही मिळत नाही’ऐवजी ‘हे दोन मिळालेत, यातलं कुठलं घेऊ?’ असं मुलं विचारू लागली.

मुलं शिकली हे कसं ओळखायचं?

किती जणांनी पाहिलं यावरून नाही. शेवटच्या बहुपर्यायी प्रश्नांवरूनही फारसं कळत नाही. ट्युटोरियलच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षातल्या संदर्भसूची शेजारी ठेवून वाचा. आणि पुन्हा दोन-तीन मुलांच्या शेजारी जाऊन बसा.

सगळं ऑनलाइन शिकवलं तर मुलं ग्रंथालयात येतील का?

चांगलं ट्युटोरियल मुलाला दारापर्यंत आणतं. पुण्यात तर हे करायलाच हवं. भांडारकर संस्था 1917 पासून आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून, पुणे नगर वाचन मंदिराची मुळं 1848 मध्ये आहेत. गोखले संस्थेचं ग्रंथालय, डेक्कन कॉलेज, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, पेशवे दप्तर. एवढं सगळं एका शहरात, पीएमपी बसच्या तिकिटाच्या अंतरावर, आणि तीन वर्षं इथे राहून पुस्तकबाजाराच्या अप्पा बळवंत चौकापलीकडे न गेलेली मुलं मला दरवर्षी भेटतात.

म्हणून आमच्या मालिकेत एक ट्युटोरियल फक्त ‘दुसऱ्या ग्रंथालयात पहिल्यांदा जाताना’ याच विषयावर आहे. महाविद्यालयाचं पत्र कोणाकडून घ्यायचं, ओळखपत्र, जाण्याआधी फोन, काय विचारायचं, पेन्सिल का न्यायची, जुना कागद कसा हाताळायचा. पानशेतवाली मुलगी ते पाहून जुनी वर्तमानपत्रं पाहायला गेली होती. परत आली ती थेट माझ्या टेबलापाशी, वही उघडून. “मॅडम, त्या आठवड्यातल्या जाहिराती पण उतरवून आणल्यात. चालतील ना?”

ट्युटोरियल किती दिवसांनी बदलायची?

दर जूनमध्ये सगळी एकदा चालवून पाहा. बटण हललं असेल तर ते दृश्य पुन्हा नोंदवा. लहान ट्युटोरियलचा हाच मोठा फायदा, एका सकाळी दोन बदलून होतात.